ठिपके गेले, रोग नाही गेला : टाकीतल्या माशांचा ‘व्हाइट स्पॉट’ परत परत का येतो

दिवाळी सरून थंडी पडायला लागली की मासे पाळणाऱ्यांच्या घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. माशाच्या अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके आले. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली, सांगितले तेवढे थेंब टाकले, तीन-चार दिवसांत ठिपके गेले. सगळे खूश. आठवडा जातो न जातो तोच ठिपके परत, आणि या वेळी एका माशावर नाही, टाकीतल्या सगळ्यांवर. मग घाबरून दुप्पट औषध. मग एकेक मासा तळाला.

यावर घरातली मंडळी म्हणतात, औषधच भेसळीचं होतं. दुकानदार म्हणतो, मासाच नाजूक होता. बहुतेक वेळा दोघांचंही चुकतं. औषधात भेसळ नसते, मासाही धडधाकट असतो. उपचार थांबवण्याचा दिवस चुकलेला असतो, आणि तो का चुकतो हे कळायला त्या ठिपक्याच्या आत काय आहे ते बघावं लागतं.

ठिपका म्हणजे काय

हा आजार एका परजीवीमुळे होतो. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर पोसला जाणारा जीव. हा तर एकाच पेशीचा आहे. त्याचं शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. एवढं नाव कोण घेणार? मासे पाळणारे त्याला ‘इच’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. गोड्या पाण्यातल्या जवळपास कुठल्याही माशाला तो होऊ शकतो : गोल्डफिश, मॉली, गप्पी, एंजल, ऑस्कर, टेट्रा. समुद्री माशांच्या टाकीत असाच दिसणारा आजार असतो, पण त्याचा परजीवी वेगळा आणि उपचारही वेगळे. माणसाला इच होत नाही, तेव्हा पोरांनी टाकीत हात घातला म्हणून काळजी नको.

गंमत अशी की इच माशाच्या अंगावर बसलेला नसतोच. तो त्वचेच्या वरच्या थराखाली शिरलेला असतो. तिथे माशाच्या पेशी खात, गोल गोल फिरत तो वाढतो, आणि वाढून वाढून जवळजवळ एक मिलिमीटरचा होतो. आपल्याला दिसतो तो पांढरा उंचवटा म्हणजे आतला हा पाहुणा आणि त्याच्यावर ताणलेली माशाची कातडी.

पोट भरलं की तो कातडी फोडून बाहेर पडतो आणि तळाला जातो. वाळू, खडे, झाडाचं पान, काच, जे सापडेल त्याला चिकटतो आणि स्वतःभोवती एक चिकट कोष करून घेतो. कोषात एकाचे दोन, दोनाचे चार असे भाग पडत जातात. एका कोषातून काहीशे पिल्लं निघतात. इच चांगला पोसलेला असेल तर हजारापर्यंतही. कोष फुटला की ही पिल्लं पाण्यात पोहत मासा शोधायला निघतात. ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची, साधारण ३ ते ५ भाग, म्हणजे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला तर ठीक, नाहीतर बहुतेक सगळी मरतात.

औषध कुठे पोचतं आणि कुठे नाही

पाण्यात टाकलेलं औषध पाण्यातल्या जिवालाच मारणार. माशाच्या अंगात शिरलेल्या इचला माशाची कातडी वाचवते. तळावरच्या इचला त्याचा कोष वाचवतो. उरली फक्त पोहणारी पिल्लं. सगळ्या आयुष्यात इच औषधाच्या तावडीत सापडतो तो एवढ्याच काळात.

म्हणजे ठिपके दिसतात तेव्हा औषध लागत नाही, आणि औषध लागतं तेव्हा ठिपके दिसत नाहीत.

शाळेत जाणाऱ्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या की आई काय करते ते आठवा. औषध लावलं की उवा मरतात, लिखा तशाच राहतात. म्हणून आठ-दहा दिवसांनी, डोकं स्वच्छ दिसत असलं तरी, पुन्हा औषध लावायचं असतं. ज्या आया ही दुसरी खेप चुकवतात त्यांच्या घरी उवा वर्षभर मुक्कामाला असतात. इचचं गणित तंतोतंत हेच आहे.

आता सुरुवातीची तक्रार पुन्हा बघा. चौथ्या दिवशी ठिपके गेले. ते औषधाने गेले नाहीत. इच पिकले आणि आपणहून गळून पडले. औषधाचा एक थेंब टाकला नसता तरी त्याच सुमाराला ते गेलेच असते. मासा सगळ्यांत स्वच्छ दिसतो त्याच दिवशी तळाच्या वाळूत हजारो पिल्लं तयार होत असतात. आणि नेमकी त्याच दिवशी औषधाची बाटली कपाटात जाते.

दुप्पट डोसाने काय होतं? कोषात किंवा कातडीखाली दडलेल्या इचला दुप्पट औषधही लागत नाही. माशाचे कल्ले मात्र भाजून निघतात.

किती दिवस उपचार करायचे हे पाण्याचं तापमान ठरवतं

ठिपका, कोष, पिल्लं, पुन्हा ठिपका : या एका फेऱ्याला किती वेळ लागतो? पाणी २५ अंश सेल्सिअस असेल तर चार ते सात दिवस. पाणी १० अंशांपर्यंत उतरलं तर महिन्याच्याही वर. आपल्याकडे घरातल्या टाकीचं पाणी इतकं खाली जात नाही, पण नाशिक-निफाडकडे जानेवारीत हीटर नसलेल्या टाकीचं पाणी मुंबईतल्या टाकीपेक्षा चांगलंच थंड असतं, आणि तिथे इचचा फेराही त्या मानाने लांबतो. बाटलीवर ‘पाच दिवस’ छापलेलं असेल तर ते पाच दिवस मुंबईतही कमीच पडतील, निफाडला तर मुळीच पुरणार नाहीत.

म्हणून उपचाराआधी घ्यायची वस्तू म्हणजे थर्मामीटर. काचेचा, टाकीच्या आत चिकटणारा, स्वस्तातला चालतो. हिशेब असा ठेवायचा की शेवटचा ठिपका गेल्यानंतर अजून एक अख्खा फेरा उपचार चालू राहिले पाहिजेत. पाणी २५ अंशांच्या पुढे असेल तर आणखी एक आठवडा. २० च्या आसपास असेल तर आणखी दोन आठवडे धरा. सगळ्यांत अवघड जातो तो हाच भाग, कारण मासा टुणटुणीत दिसत असतो आणि घरातले विचारत असतात, ‘अजून कशाला ते औषध?’

आधी खात्री : हा इचच आहे का?

ही पायरी लोक गाळतात, आणि ‘चिवट आजार’ म्हणून जे सांगितलं जातं त्यातला बराच भाग इथेच तयार होतो. पांढरं काहीही दिसलं की व्हाइट स्पॉट, असं नसतं.

इचचे ठिपके सुटे, आकाराने जवळपास सारखे आणि किंचित उठलेले असतात. आधी पारदर्शक परांवर आणि शेपटीवर दिसतात, कारण तिथे पाठीमागून उजेड येतो. त्याही आधी माशाचं वागणं बदलतं. तो मध्येच सणकन तिरका होऊन दगडाला किंवा वाळूला अंग घासतो, पर अंगाशी मिटून ठेवतो, कल्ले भराभर हलवतो. आजार पुष्कळदा कल्ल्यांत सुरू होतो आणि कधी कधी तिथेच राहतो. मासा एकही ठिपका न दाखवता मरतो.

नुसतं अंग घासणं मात्र पाण्यात क्लोरीन किंवा अमोनिया असला तरी होतं. काल पाणी बदललं आणि आज सगळे मासे अंग घासतायत, तर आधी नळाच्या पाण्याकडे बघा. अँटिक्लोरीनचे थेंब टाकायचे राहिले असतील.

नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या काठावर पांढरे बारीक दाणे येतात. ती विणीच्या हंगामाची खूण असते, आजार नव्हे. दाणे त्या दोनच जागी, ओळीने, आणि मासा खातोय-पितोय, हुंदडतोय असं असेल तर औषधाची बाटली खाली ठेवा. कितीतरी तरणेबांड गोल्डफिश या दाण्यांपायी उगाच औषधांत पोहत असतात.

ठिपके नसून अंगभर सोनेरी-करडी भुकटी शिंपडल्यासारखी दिसत असेल, तर तो ‘व्हेल्व्हेट’ नावाचा दुसरा परजीवी. ही भुकटी दिवसा सहसा नीट दिसत नाही. रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च माशावर समोरून न मारता वरून तिरका धरा. असेल तर अंगावर मखमलीसारखी चमक दिसते. व्हेल्व्हेटचा जीव इचपेक्षा फार लहान असतो आणि मासे फार लवकर मारतो.

फुलकोबीच्या तुऱ्यासारखी एखाद-दुसरी गाठ, परांच्या काठाला, आठवडेच्या आठवडे तशीच? तो बहुधा विषाणू. त्याला औषध नाही आणि सहसा गरजही नसते. पाणी चांगलं ठेवलं की पुष्कळदा ती आपोआप जाते.

आणि तोंडाभोवती पांढरट-करडा थर, किंवा पाठीवर आडवा फिकट पट्टा असेल तर सावध. लोक त्याला बुरशी म्हणतात. बहुतेकदा तो ‘कॉलम्नारिस’ नावाचा जिवाणूचा आजार असतो. तो ओळखायचा अशासाठी की इचवर उपाय म्हणून आपण पाणी गरम करतो, आणि कॉलम्नारिस गरम पाण्यात जास्तच भडकतो. तेव्हा आधी ओळख, मग हीटर.

पक्की खात्री हवी असेल तर ती घरीही होते. घरात शाळकरी पोराचा सूक्ष्मदर्शक धूळ खात पडला असेल तर तो काढा. हात ओले करून मासा हलकेच धरायचा, काचपट्टीवर झाकायच्या पातळ काचेच्या कडेने कल्ल्यामागून शेपटीच्या दिशेने एकदाच, अगदी हलक्या हाताने, अंगावरचा बुळबुळीत थर घ्यायचा. तो काचपट्टीवर टाकीच्याच पाण्याच्या थेंबात ठेवायचा. नळाचं पाणी नको. चाळीस ते शंभर पट मोठं करून बघितलं की इच असल्यास एक मोठा, करडा, गोल जीव संथपणे स्वतःभोवती गिरक्या घेताना दिसतो, आणि त्याच्या पोटात घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक. हे दिसलं की विषय संपला. दिसलं नाही तर मात्र ‘इच नाही’ असं म्हणता येत नाही. त्या घासणीत तो सापडला नसेल एवढंच.

टाकीत पाणी किती आहे, हे मोजा

‘दोन फुटी टाकी, म्हणजे साठ लिटर’ असं सर्रास धरतात. टेप घेऊन मोजू. ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच : गुणाकार ५४,०००, भागिले हजार, म्हणजे ५४ लिटर, तेही काठोकाठ. वर पाच सेंटीमीटर जागा मोकळी असते, ९ लिटर गेले. तळाची वाळू, दगड, तो कवटीचा किंवा किल्ल्याचा देखावा वजा करा. हातात राहतात जेमतेम ४० लिटर. साठचा डोस चाळीसमध्ये गेला म्हणजे दीडपट झाला. नाजूक माशाला एवढं पुरतं, आणि मग म्हणायचं, ‘औषधाने मासा मेला.’

मीठ, उष्णता आणि बाटलीतलं औषध

झाडं नसलेल्या साध्या टाकीत, गोल्डफिश किंवा मॉली-गप्पी असतील तर माझा पहिला कल मिठाकडे असतो. साधं खडे मीठ, लिटरला २ ते ३ ग्रॅम. ४० लिटरला ८० ते १२० ग्रॅम. एकदम ओतायचं नाही. टाकीचंच पाणी मगात घेऊन त्यात विरघळवून, दिवसभरात तीन-चार हप्त्यांत. मीठ उडून जात नाही, एवढं ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात पाणी आटलं म्हणून भर घालताना साधंच पाणी घालायचं. पाणी काढून बदलताना मात्र नव्या पाण्यापुरतं मीठ घालायचं. दर वेळी ‘चमचाभर टाकून ठेवू’ करणाऱ्यांच्या टाकीत महिन्याभरात खाडी तयार होते. झाडं मिठाने जळतात, आणि लोच किंवा कोरीडोरास यांसारखे बिनखवल्यांचे अथवा तळाशी राहणारे मासे ते नीट सोसत नाहीत.

उष्णता दोन कामं करते. २८ अंशांच्या पुढे इचचा फेरा लवकर उरकतो, म्हणजे पिल्लं लवकर उघड्यावर येतात. ३० च्या वर बहुतेक प्रकारच्या इचला वाढताच येत नाही, काही चिवट वाण सोडून. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. इचने कल्ले खराब झालेल्या माशाला हा फरक जाणवतो. हीटर वाढवला की एअर पंपही वाढवायचा, आणि तापमान दिवसाला एक-दोन अंशांनीच चढवायचं. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा प्राणी; त्याला ३० अंशांवर नेऊन ठेवण्यापेक्षा मीठ आणि धीर बरा. ज्या गावात रोज वीज जाते तिथे एकट्या हीटरच्या भरवशावर राहू नये. पाणी वर-खाली होत राहिलं की मासा आणखी खचतो.

बाटलीतल्या औषधांत दोन नावं बघा. मेथिलीन ब्लू म्हणजे ते प्रसिद्ध निळं औषध. इचवर ते दुबळं आहे, झाडांना आणि फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना त्रासदायक. मॅलॅकाइट ग्रीन इचवर खरोखर चालतं. त्याची दुसरी बाजू अशी की ते विषारी आहे, कर्करोगाच्या संशयावरून युरोप-अमेरिकेत खाण्याच्या माशांवर वापरायला बंदी आहे. हातमोजे घाला, गरोदर बाईने ते हाताळू नये, आणि बिनखवल्यांच्या माशांना बाटलीवर लिहिलेल्या अर्ध्या डोसापासूनच सुरुवात करा. काही औषधांत त्याच्या जोडीला फॉर्मेलीन असतं, तेच जे २०१८ साली मासळीच्या निमित्ताने गोव्यात गाजलं. ते पाण्यातला प्राणवायूही खातं. बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ दिसला तर ती सरळ फेकून द्या. तो गाळ माशांना जास्त घातक असतो.

कुठलंही औषध टाकण्यापूर्वी फिल्टरमधला कोळसा काढा. तो राहिला तर औषध शोषून घेतो आणि तुम्ही रोज थेंब मोजत बसता.

रोज तळ सायफनने ओढायचा, हे मात्र औषधाइतकंच कामाचं आहे. कोष तळाला असतात ना? वाळूत नळी खुपसून चतुर्थांश पाणी ओढून काढलं की कोषही ढिगाने बाहेर जातात, आणि एक कोष गेला म्हणजे शेकडो पिल्लं जन्मण्याआधीच गेली.

एक-दोनच मासे असतील, आणि ते औषध न सोसणारे असतील, तर बिनऔषधाचा उपाय आहे : दोन प्लॅस्टिकचे टब. पाणी २५ अंशांच्या आसपास ठेवून रोज मासा एका टबातून दुसऱ्या, कोरड्या-स्वच्छ करून भरलेल्या टबात हलवायचा, सात दिवस. गळून पडलेले इच मागच्या टबात राहतात आणि पिल्लं बाहेर यायच्या आत मासा पुढे गेलेला असतो. मूळ टाकीत मासे नसले की तिथला इच उपाशी मरतो. माशाला रोज पकडण्याचा ताण होतो हे खरं, पण मी तरी लोचसाठी हाच मार्ग पत्करेन.

‘पण आम्ही नवीन मासा आणलाच नव्हता’

मग झाड आणलं असेल. गोगलगाय आणली असेल. शेजाऱ्याची ओली जाळी वापरली असेल. कोष पानाला चिकटून येतो, पिल्लं थेंबाभर पाण्यातून येतात. दुकानातल्या पिशवीचं पाणी टाकीत ओतणं ही तर सर्वांत सोपी वाट. पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग मासा जाळीने उचला आणि पाणी बेसिनमध्ये.

‘इच प्रत्येक टाकीत असतोच, थंडी पडली की उठतो’ असंही खूप जण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. माशाशिवाय इच फार दिवस तग धरत नाही, त्यामुळे तो वाळूत वर्षानुवर्षं झोपून राहतो हे काही खरं नव्हे. पण एकदा आजारातून वाचलेल्या माशाला थोडी प्रतिकारशक्ती येते, आणि अशा माशाच्या कल्ल्यांत दोन-चार इच कोणाच्याही नजरेला न पडता राहू शकतात. पाणी गारठलं, मासा कमजोर झाला की ते वाढतात.

मुंबईत कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत दिसणाऱ्या माशांतले कितीतरी चेन्नईजवळच्या कोळत्तूरहून किंवा बंगालमधून आलेले असतात. प्राणवायू भरलेल्या पिशवीत दाटीवाटीने, दोन-तीन हवामानं ओलांडून. असा दमलेला मासा थेट टाकीत न सोडता तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवायचा. पंधरा-वीस लिटरचा टब, स्पंज फिल्टर, वर जाळी. त्याची जाळी आणि नळीही वेगळी.

‘सगळं पाणी काढून टाकी घासून का घेऊ नये?’

कारण त्यात इच पुरता जात नाही आणि फिल्टर मरतो. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी त्रासाचं नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात, आणि नळाखाली स्पंज खळखळून धुतला की ती एका दुपारी जाते. मग आजारी माशाला अमोनियाच्या पाण्यात राहावं लागतं.

बोअरच्या पाण्यावर टाकी असेल तर हे अधिकच जपा. अमोनियाचा विषारी भाग किती, हे पाण्याच्या पीएचवर, म्हणजे आम्लपणा-अल्कलीपणाच्या मापावर ठरतं. २५ अंशांना, पीएच ७ असताना एकूण अमोनियातला अर्धा टक्का विषारी असतो. पीएच ८ असताना पाच टक्क्यांच्या पुढे. म्हणजे तोच अमोनिया, दहापट विष. अमोनिया, नायट्राइट आणि पीएचचं चाचणी किट महाग वाटतं, पण दोन-तीन औषधांच्या बाटल्या वाया घालवण्यापेक्षा स्वस्त पडतं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच पिळायचा.

आणि हो, घरात उरलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत टाकायची नाही. इच जिवाणू नाही, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. फिल्टरचे जिवाणू मात्र मरू शकतात, आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढायला आणखी एक जागा मिळते.

सगळं नीट करूनही बरं होत नसेल तर

पाणी तपासलंत, लिटर मोजलेत, पुरते दोन फेरे उपचार केलेत आणि तरी मासे जातायत, तर आजाराचं नावच बदलून बघायला हवं. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आणि रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय इथे माशांच्या रोगांचे जाणकार असतात. दाखवायला नेताना आजारी पण जिवंत मासा न्यावा; मेल्यावर परजीवी अंग सोडून जातात आणि तपासायला फार काही उरत नाही. टाकीच्या पाण्याची वेगळी बाटली बरोबर असू द्या.

दर महिन्या-दीड महिन्याला एखादा मासा खंगत जातो, खाऊनही पोट खपाटीला जातं, पाठीचा कणा वाकतो, अंगावर न भरणारी जखम होते : हे चित्र असेल तर माशांच्या क्षयाचा संशय घ्यावा. तो मायकोबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूंनी होतो आणि घरच्या टाकीत त्यावर भरवशाचा इलाज नाही. अशा माशाला तडफडत ठेवू नये. लवंग तेलाने त्याला झोप आणता येते आणि मात्रा वाढवून शांतपणे मरणही देता येतं. फ्रीझरमध्ये ठेवणं किंवा संडासात सोडणं हा क्रूरपणा आहे. तळ्यात, नदीत सोडणं तर नाहीच. टाक्यांतून सोडलेले सकर मासे आपल्या धरणांत काय करतायत ते मच्छीमारांना विचारा.

त्या जिवाणूंपैकी एक, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम, माणसालाही होतो. तो छातीचा क्षय नव्हे. हाताला कापलेलं-खरचटलेलं असताना टाकीत हात घातला तर काही आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर लालसर गाठ येते, हळूहळू हातावर वर सरकते आणि नेहमीच्या मलमांना दाद देत नाही. त्यावर औषध आहे, पण ते काही महिने घ्यावं लागतं. संशयाच्या टाकीत हातमोज्यांशिवाय हात घालू नका, सायफन तोंडाने ओढून सुरू करू नका. आणि अशी गाठ घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलात तर घरात माशांची टाकी आहे हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.